आधी तपासणी, मग पार्ट

डोंबिवलीत गाडी आठवड्यातले बरेच दिवस उभीच असते. कामावर जायचं ते लोकलने, स्टेशन गाठायचं ते रिक्षाने. गाडी बाहेर निघते ती रविवारी, लग्नकार्याला, नाहीतर गणपतीला गावी जाताना. त्यात चार महिने धो धो पाऊस आणि दमट हवा. म्हणूनच ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये गणपतीच्या तोंडावर एक दृश्य हमखास दिसतं : बॉनेट उघडं, भोवती चार माणसं आणि चौघांची चार निदानं.

पुढचं बोलणं डोंबिवली पूर्वेतल्या अशाच एका आवारातलं आहे. आत्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरची, पहिल्या दिवसापासून तिच्याच हातातली. भाचा ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला गॅरेज चालवतो. दोघंही आपापल्या जागी जाणकार. दोघांचं पटत नाही ते एकाच प्रश्नावर : गाडी चालू होत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा हात कशाला घालायचा?

भाचा : आत्या, किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ होतंय. सेल्फ घेतच नाही. पावसाळाभर गाडी उभी आहे, बॅटरी बसली. मी येताना नवी घेऊनच आलोय. दहा मिनिटांचं काम आहे.

आत्या : नवी बॅटरी राहू दे तुझ्या गाडीत. आधी हेडलाइट लाव, मग किल्ली फिरव आणि दिव्यांकडे बघ.

भाचा : लावले. फिरवली किल्ली. दिवे जेमतेम हलले.

आत्या : मग बॅटरी बसली हे कशावरून? बॅटरी बसलेली असताना सेल्फ मारला की दिवे लगेच पिवळे पडतात, कधी विझतातही. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते देताना बसलेल्या बॅटरीचा दम तुटतो. इथे दिवे तसेच राहिले. म्हणजे बॅटरीला ओझं जाणवलंच नाही. सेल्फला जेवढा करंट जायला हवा तेवढा गेलेलाच नाही.

भाचा : तर्क चांगला आहे. पण आत्या, मी रोज गाड्या बघतो. पावसाळ्यानंतर सेल्फ न घेणारी गाडी आली की बहुतेक वेळा बॅटरीच निघते. जे बहुतेक वेळा खरं ठरतं तिथूनच मी सुरुवात करणार. त्यात चुकलं काय?

आत्या : सुरुवात तिथून करण्यात काहीच चुकलं नाही. तपासायचं असेल तर पहिली बॅटरीच तपास. तू मात्र तपासत नाहीस, थेट बदलतोस. बॅटरी बदलताना तू आणखी एक काम नकळत करतोस. दोन्ही टर्मिनल सोडवतोस, त्यांच्यावरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडतोस आणि परत घट्ट आवळतोस. गाडी सुरू झाली की श्रेय नव्या बॅटरीला. दोष कदाचित त्या सैल टर्मिनलचाच असेल. जुनी बॅटरी निर्दोष असूनही भंगारात जाते आणि तुला ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी तू आणखी खात्रीने म्हणतोस, बहुतेक वेळा बॅटरीच असते.

भाचा : पण चांगला पार्ट लावून बघणं हीसुद्धा एक तपासणीच आहे. आम्ही एक कॉइल, एक रिले, एक पंप त्याच्यासाठीच बाजूला ठेवतो. लावला, गाडी चालली, निदान झालं.

आत्या : अर्धं झालं. गाडी चालली की जुना पार्ट परत लावून बघतोस का? तो लावल्यावर गाडी पुन्हा बंद पडली तर मी तुझं निदान मान्य करेन. जुन्यावरही चालली, तर दोष कुठल्यातरी जोडात होता, पार्टात नव्हता. ही उलट तपासणी किती गॅरेजांत होते?

भाचा : होत नाही. तेवढा वेळ कोण देतो? बरं, तुझा मीटर काढ. कर सिद्ध.

आत्या : गाडी न्यूट्रलला आहे ना? हँडब्रेक ओढ. आता मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या खुंट्यांवर ठेव, टर्मिनलच्या पट्टीवर नको. किती?

भाचा : १२.६.

आत्या : म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ असती तर निम्मी म्हटली असती, १२ च्या खाली असती तर तुझं म्हणणं मी ऐकलं असतं. पण उभ्या बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा नाही, ओझ्याखाली बघायला हवा. मी किल्ली फिरवते, तू आकडा सांग.

भाचा : १२.१.

आत्या : ओझ्याखाली साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय धरला असता. ती सुटली. आता मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेव. रंग लागलेल्या जागी नको. फिरवते मी.

भाचा : आठ! हे जवळजवळ शून्य असायला हवं.

आत्या : अर्ध्या व्होल्टच्या आत. बॅटरीतून निघालेल्या बारा व्होल्टपैकी आठ अर्थच्या, म्हणजे परतीच्या, वाटेतच खर्च होतात, सेल्फच्या वाट्याला चार येतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा धातूला धातू लागत नाही. इंजिनला अर्थ मिळतो तो बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमधून आणि विणलेल्या पट्टीतूनच. हेडलाइटचा अर्थ थेट बॉडीला असतो, म्हणून दिवे झगझगीत आणि सेल्फ मेलेला. ०.१ ओहमचा विरोध म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्यातून ८० अँपिअर न्यायचे म्हटलं की आठ व्होल्ट तिथेच गेले. नवी बॅटरी लावली असतीस तरी ‘टक’च झालं असतं.

(भाच्याने खाली वाकून गिअरबॉक्सवरचा बोल्ट सोडवला. पट्टीच्या टोकाची रिंग बाहेरून नुसती काळपट दिसत होती. उलटी केल्यावर आतल्या बाजूला गंजाची तपकिरी पूड, आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर. त्याने रिंग आणि तिच्याखालची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा किल्ली. मीटरवर ०.२. सेल्फने इंजिन सपासप फिरवलं. पण इंजिन पकडेना.)

भाचा : सेल्फ तर सुटला. आता मला बघू दे. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, म्हणजे करंट नाही, पेट्रोल नाही, नाहीतर टायमिंग गेलंय.

आत्या : कुठून सुरू करणार?

भाचा : टायमिंगचं कानानेच कळतं. बेल्ट तुटला की इंजिन हलकं, एकसुरी फिरतं, दाब येत नाही. इथे दम लागल्यासारखं घुमतंय, म्हणजे दाब आहे. तरी तुझ्या समाधानासाठी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढतो, तू सेल्फ मार. रोटर फिरतोय. या इंजिनात रोटर कॅमशाफ्टवरून फिरतो, म्हणजे बेल्ट शाबूत. आता एक प्लग काढून वायरीला लावतो आणि त्याचं अंग इंजिनला टेकवतो. मार सेल्फ. बघ, निळी ठिणगी, तड् तड् आवाज. करंट ठीक. आणि हा प्लग बघ, कोरडा ठक्क. वासही नाही. एवढं फिरवल्यावर पेट्रोल येत असतं तर प्लग ओला झाला असता.

आत्या : म्हणजे पेट्रोल येत नाही. पंप?

भाचा : थांब. प्लग आधी परत बसवतो आणि कॉइलची वायर काढून ठेवतो. उघडं पेट्रोल आणि ठिणगी एका जागी नको. एअर फिल्टरचं झाकण काढलं. अॅक्सिलरेटर दाबतो, वरून कार्बोरेटरच्या तोंडात धार दिसायला हवी. नाही. आता पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपाशी काढून बाटलीत सोडतो. मार. आलं पेट्रोल, चांगलं ठणठणीत. पंप चांगला. म्हणजे कार्बोरेटरमधली निडल अडकली. गाडी दोन-अडीच महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट साका राहतो आणि निडल बंद जागीच धरून बसते. हे हाताला माहीत झालेलं असतं. पाइप जोडला. इथे, बरोबर इथे, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळू दोन टोले. फिरव. आता अॅक्सिलरेटर दाबतो. आली धार! कॉइलची वायर लावतो, चोक ओढ, मार.

(इंजिन दोनदा खोकलं, मागून निळसर धूर निघाला आणि गाडी सुरू झाली.)

आत्या : हे मी तासभर उलगडत बसले असते. तुझा हात बरोबर जागी गेला.

भाचा : मग मान्य कर, अनुभवापुढे मीटर नाही.

आत्या : तुझा हात निडलवर गेला त्याच्या आधी तू काय काय केलंस ते मोज. रोटर बघितलास, ठिणगी बघितलीस, प्लग कोरडा हे बघितलंस, धार बघितलीस, पंपाचा पाइप बाटलीत सोडलास. पाच तपासण्या. प्रत्येक वेळी एक एक संशयित सुटत गेला. अनुभवाने तुला सांगितलं की आधी कुठे बघायचं. निडलच आहे हे सांगितलं तपासणीने. मघाशी बॅटरीच्या बाबतीत पहिली पायरी होती, दुसरी नव्हती. आणि तुला सोडून दुसरा कोणी असता तर त्याने नवा पंप लावला असता, लावताना हिसका बसून निडल सुटली असती, आणि पंप खराब होता असं बिलात आलं असतं.

भाचा : होतं असं. खोटं कशाला बोलू? पण नव्या गाड्यांत हे चालत नाही, आत्या. साधारण २००० पासून कार्बोरेटर गेले, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन, आलं. २०१३ च्या एप्रिलपासून तर ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्कॅनर लावला की गाडी स्वतः सांगते काय बिघडलंय. प्लग काढून हवेत ठिणगी बघायला गेलीस तर कॉइल नाहीतर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाईल. तुझी पद्धत ८०० बरोबरच संपली.

आत्या : स्कॅनर काय म्हणतो? समज, क्रँक सेन्सरचा कोड आला.

भाचा : सेन्सर बदलायचा.

आत्या : कोड त्या सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतो. सेन्सर जळला तरी तोच कोड, त्याची वायर उंदराने कुरतडली तरी तोच, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तरी तोच. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदीर किती आहेत, बघतोस ना? स्कॅनर तुला गल्ली दाखवतो, घर तुलाच शोधायचं असतं. नव्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली पंपाचा दोन सेकंद ‘हूं’ असा आवाज येतो का, इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो का, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का, या तीन गोष्टी कुठलंही यंत्र न लावता बघता येतात. साधनं बदलली. क्रम तोच राहिला.

भाचा : काकांची पद्मिनी आठवते मला. ती तर कसल्याच क्रमात बसायची नाही. सकाळी एका सेल्फला उठायची आणि मे महिन्यात कसारा घाटात मेली की मेली.

आत्या : तिचा बिघाड तर सगळ्यांत शिस्तीचा होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती १०८९ सीसीची गाडी, पेट्रोलचा पंप इंजिनलाच लागून. चढावर इंजिन तापायचं, पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. काका पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबायचे, गाडी चालू. म्हणून मी नेहमी पहिला प्रश्न ‘कधी’ हा विचारते. गार असताना चालू होत नाही, की तापल्यावर? पहिल्या पावसात, की रात्रभर उभी राहिल्यावर? तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर उठते, तर जुन्या गाडीत वाफ बघ, एमपीएफआयमध्ये क्रँक सेन्सर आणि पंपाचा रिले बघ. फक्त ओल्या हवेत अडते, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप कोरड्या फडक्याने पूस. रात्री अंधारात बॉनेट उघडलंस तर वायरींवरून पळणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. आणि दर आठवड्याने बॅटरी उतरते, तर बॅटरीला दोष देण्याआधी गाडी बंद असताना किती करंट खाते ते मोज.

भाचा : ते मात्र मी सांगतो. बंद गाडी ५० मिलिअँपिअरपर्यंत खात असेल तर चालतं. पण तेवढंही रोजचं १.२ अँपिअर-तास होतं, आणि तुझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. महिनाभर उभी ठेवलीस तर चांगली बॅटरीही संपणार. शिवाय लोक रविवारी बाहेर काढतात आणि पत्रीपूल नाहीतर शीळफाट्याच्या कोंडीत तासभर रांगतात. एसी, वायपर, दिवे सगळं चालू, इंजिन आयडलला. त्यात बॅटरी कुठे भरणार? म्हणून म्हणतो, बॅटरी बदला.

आत्या : आत्ताच तू जे सांगितलंस, ते गिऱ्हाइकाला सांगतोस का? ‘ताई, बॅटरी चांगली आहे, ती उपाशी आहे. चार्ज करून देतो, आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा.’

भाचा : सांगितलं तर मला काय मिळणार? आता खरं बोलतो, आत्या. आज मी इथे तास-दीड तास घातला. एक पट्टी घासली, दोन टोले मारले. एकही पार्ट विकला नाही. हेच गॅरेजमध्ये केलं आणि पाचशे रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणेल, ‘नुसतं घासायचे पाचशे?’ तोच माणूस नवी बॅटरी, नवा पंप लावून सहा-सात हजारांचं बिल दिलं तर मुकाट्याने देतो, कारण हातात काहीतरी दिसतं. तपासणीचे पैसे कोणी देत नाही. मग मुलं तपासायला शिकणार कशाला? माझ्याकडचा पोरगा पार्ट बदलायला सहा महिन्यांत शिकतो. तपासायला शिकवायचं तर वर्षं जातात, आणि त्या वर्षांचा पगार कोणाच्या बिलात टाकू?

आत्या : ही तुझी बाजू मला मान्य आहे. ताप आला म्हणून आपण डॉक्टरकडे जातो, तो तपासतो, रक्त बघायला सांगतो, आणि औषध लागलं नाही तरी फी घेतो. आपण देतो. गाडीच्या बाबतीत ती फी आपणच बंद ठेवलीय, आणि मग ती पार्टाच्या बिलातून वसूल होते. पण बदल तुझ्या दारापासून होऊ शकतो. तपासणीचा दर पाटीवर लिही. जे मोजलंस ते आकडे बिलावर लिही : बॅटरी १२.६, ओझ्याखाली १२.१, अर्थला ८, घासल्यावर ०.२. आकडे दिसले की ‘नुसतं घासलं’ असं कोणी म्हणणार नाही.

भाचा : निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या गॅरेजमध्ये जातील.

आत्या : पहिल्या वर्षी जातील. ज्यांची बॅटरी तिथे दोनदा बदलली जाईल ती परत येतील.

भाचा : ते तू गृहीत धरतेस. माझं भाडं दर महिन्याला असतं. आणि एक सांग, शीळफाट्याला रात्री दहा वाजता गाडी अडली आणि मागून ट्रक हॉर्न देतायत, तिथेही तू मीटर काढणार?

आत्या : नाही. तिथे जंपर लाव, टो कर, माणसं सुरक्षित ने. पण तिथेही एक गोष्ट नक्की करायची नाही. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल्फ मारायचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, इकडे उल्हास नदीने बदलापूर-कल्याण बुडवलं. पाणी ओसरल्यावर माणसं साहजिकच पहिल्यांदा किल्ली फिरवतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी काढून जे इंजिन वाचलं असतं, ते एका किल्लीने जाऊ शकतं. आधी बॅटरी सोडवायची, प्लग काढायचे, मग पुढचं.

भाचा : हे मी प्रत्येक पावसाळ्यात ओरडून सांगतो.

आत्या : मग आपलं भांडण फार थोडं उरलं.

दोघांचं भांडण जिथे उरलं, तिथेच या विषयाचं मर्म आहे. जुनी गाडी चालू होत नाही तेव्हा दोष बहुतेकदा साधा असतो : गंजलेली अर्थची पट्टी, सैल टर्मिनल, उपाशी बॅटरी, अडकलेली निडल, कुरतडलेली वायर. तो शोधायला लागणारी साधनंही महाग नाहीत. एक साधा मल्टिमीटर, एक पाना, पॉलिश पेपर आणि थोडा धीर. महाग पडतो तो तपासल्याशिवाय बदललेला पार्ट. आत्याची पद्धत बरोबर आहे, आणि भाच्याची तक्रारही खरी आहे. आपण मेकॅनिकला वस्तू विकण्याचे पैसे देतो, विचार करण्याचे देत नाही. मग तो वस्तूच विकतो.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. पुढच्या वेळी गाडी अडली आणि कोणी पार्ट बदलायला सांगितला, तर तीन गोष्टी विचारा : हा पार्ट खराब आहे हे कोणत्या तपासणीत दिसलं? आकडा किती आला? जुना पार्ट मला परत मिळेल का? आणि उत्तरं नीट मिळाली, तर एकही पार्ट न बदलता गाडी चालू करून देणाऱ्या माणसाला त्याच्या वेळेचे पूर्ण पैसे, घासाघीस न करता, द्या.